आधी निकाल, मग अभिप्राय

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे संचालक सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी आणि मागच्या रांगेत चहाची वाट बघणाऱ्या मंडळींनो,

छत्तीस वर्षं मी या संस्थेत टंकलेखिका होते, आज निवृत्त होतेय. सरांची बुद्धिमापन चाचणी मीच टाइप केली. तिच्या पुस्तिकेत बुद्धीची आकृती आहे: मधोमध मोठं वर्तुळ, म्हणजे सर्वसाधारण बुद्धी. भोवती सात लहान, शब्द, आकडे, स्मरण वगैरे. पाहुण्यांनी आत्ताच या चाचणीचं तोंडभरून कौतुक केलं. पण ही वर्तुळं मुलांच्या डोक्यात असतात की नुसती कागदावर, हे कुणी तपासलं?

सर म्हणायचे, चाचणी जे मोजते असं म्हणते तेच मोजते का, ही तिची वैधता. त्यासाठी शिक्षकांचे अभिप्राय मागवून गुणांशी ताडून बघायचे. अट एकच, शिक्षकांना गुण आधी कळता कामा नयेत. बरोबर ना, सर?

पण तेव्हा सरांना परदेशी जायची घाई. शिक्षकांकडे गुणांची पाकिटं आधी गेली, अभिप्रायाचे फॉर्म नंतर. पाकिटं मीच चिकटवली हो! चूक लक्षात आल्यावर धावत सांगायला गेले. "बाई, तुम्ही टायपिंगकडे बघा," सर म्हणाले. शिक्षकांनी गुण बघून मतं लिहिली आणि सगळं तंतोतंत जुळलं. न जुळून सांगतंय कुणाला!

त्या मुलांत माझा धाकटा भाऊ होता. गुण चौऱ्याहत्तर; सर्वसाधारण मुलाचे शंभर धरायचे. महिन्यापूर्वीच त्याच्या वर्गशिक्षिका आईला म्हणाल्या होत्या, "पोरगं चुणचुणीत आहे, खूप शिकवा." पाकीट मिळाल्यावर त्यांनीच फॉर्मवर लिहिलं, "मंद." त्याला मठ्ठांच्या तुकडीत बसवलं, सातवीत त्यानं शाळा सोडली. आणि त्यांचं ते मत वैधतेच्या तक्त्यात पुरावा म्हणून मी टाइप केलं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. लाज वाटते मला.

पुढच्या महिन्यात चाचणीच्या पुस्तिकेची चौथी आवृत्ती निघतेय. मुद्रितं मीच तपासली, तक्ता तोच आहे. तो काढा, सर. तुम्ही मला घड्याळ दिलंत, आभारी आहे. माझ्याकडून ही जुनी जावक नोंदवही घ्या. दोन्ही टपालांच्या तारखा आहेत. पाहुण्यांनाही दाखवा.

भाऊ आज शिलाई मशिनं दुरुस्त करतो. अख्खं मशीन उघडून डोळे मिटून जोडेल. कालच बँकेचा साधा फॉर्म माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "ताई, तूच भर गं. माझं डोकं कुठे चालतंय!"

असो. बोलू दिलंत, मनापासून धन्यवाद. कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. माझ्या टायपिंगच्या चुकाही पोटात घाला. तक्त्यातली ती एक मात्र घालू नका.