चिकूसारख्या सफरचंदाचं तिकीट

...अहो, पण चिडायचं कुणी? तुम्हाला सांगतो, हिवाळ्यात पोराकडे आलो अमेरिकेत, तेव्हापासून बघतोय, इथं कुणी चिडतच नाही! पोराला, शंतनूला, म्हटलं, "तुझं टक्कल विमानातूनच दिसलं रे!" तर म्हणतो, "चिल, बाबा." सुनेला, कादंबरीला, म्हटलं, "आमटीत पोहायला उतरू का?" तर हसते! मग चिडवणाऱ्यानं जगायचं कशावर? तिकडे संगमनेरला आमचा दोस्त राजाराम... आहाहा! "काय रे राजा" एवढं म्हटलं की चप्पल काढायचा! जन्मभर चिडवला, कधी वाया गेला नाही!

तर इथं गावात सफरचंदाची जत्रा. हॅनाज रसेट म्हणून यांचं जुनं वाण, दुसरीकडे होत नाही म्हणे, म्हणून गावानं त्याची पोस्टाची तिकिटं छापून घेतलेली. बघतो तर मातकट, खरखरीत... सफरचंद कसलं, हुबेहूब चिकू! विकणाऱ्या बाईंना म्हटलं, "युवर ॲपल, सिक चिकू!" तर "ओह, हाउ स्वीट!" बघा, कुणी चिडतच नाही!

पण राजारामच्या परसात चिकूचं झाड! पोरांपेक्षा त्याचं कौतुक जास्त! घेतली तिकिटं विकत, घरी येऊन बसलो, चौथीपर्यंतचं सगळं शिक्षण पणाला लावलं नि लिहिलं, "राजा, तुझ्या चिकूचं तिकीट काढलं अमेरिकेनं. खाली इंग्रजीत नाव आहे ते माझं." त्याला इंग्रजी येत नाही... मला तरी कुठं येतं!

तिकिटं कापली, जिभेला लावली, चिकटतील तर शपथ! एवढा मोठा देश आणि तिकिटाला डिंक नाही? मग काय, कुकरमधली भाताची शितं घेतली, दिली दाबून! आणि रोज पत्रपेटीशी उभा. येणार, राजाचं शिव्यांचं पत्र येणार! त्याच्या तोंडची एक शिवी ऐकायला जीव नुसता टांगलेला हो...

पाकीट आलं. माझंच! तिकिटं गळालेली, शितं वाळून खडखडीत. कादंबरी म्हणते, "अहो बाबा, मागचा कागद सोलायचा असतो! स्टिकर आहे तो!"

शेवटी परदेशी फोनाचं कार्ड घासलं, त्यावरचा नंबर दाबून राजारामला फोन लावला, सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी पेटेल! तर... हसला! "भातानं? अरे अडाण्या, भातानं?" खोकला येईपर्यंत हसला! चिडलो हो मी, असा चिडलो... पण फोन ठेववेना. कार्डातले पैसे संपेपर्यंत त्याचं हसणं ऐकत बसलो. आता दुसरं कार्ड शनिवारी, पोरगा गाडीतून दुकानात नेईल तेव्हा.