नाळ कापण्याआधी

नागिसा : नाही म्हणजे नाही, डॉक्टर. पोर बाहेर आलं की लगेच नाळ कापायची. क्षणभरही थांबायचं नाही.

डॉ. मिझुहारा : नागिसाबाई, सकाळीच पाणी गेलंय, कळाही थांबत नाहीयेत. बाळ दोन महिने आधी येतंय. इतक्या लहान बाळाला एक मिनिट तरी नाळेवर राहू द्यावं, एवढंच माझं म्हणणं. वारेत जे रक्त उरतं ते त्याचंच असतं.

नागिसा : माझ्या सेन्तालाही त्याचंच रक्त मिळालं होतं की! नाळेची धडधड थांबेपर्यंत वाट बघितली होती सगळ्यांनी. किती कौतुक! काय गुलाबी पोर, काय गुलाबी पोर! आज सहा वर्षांचा आहे. मागून ट्रक आला तरी वळून बघत नाही.

डॉ. मिझुहारा : ऐकू येत नाही त्याला?

नागिसा : भोपळ्याच्या गरासारखा पिवळा झाला होता. त्यात बर्फाने घाटाचा रस्ता बंद. इथे आणेपर्यंत कावीळ डोक्यात गेली, कान गेले. आणि जन्म कुठे झाला, विचारा ना. ह्या माझ्या आईच्या सूतिकागृहात. सुईण आहे ती. अख्खा डोंगरपट्टा हिच्या हातावर जन्मला.

तोकिए : होते सुईण. ते घर मी बंद केलं, डॉक्टर.

डॉ. मिझुहारा : नागिसाबाई, तुमचा रक्तगट ओ. सेन्ताचा?

नागिसा : बी. बापाचा.

डॉ. मिझुहारा : मग कावीळ तिथूनच आली. तुमचं रक्त त्याच्या रक्ताशी भांडत होतं. नाळ त्या क्षणी कापली असती तरी तो पिवळा पडलाच असता.

नागिसा : इतकाच पडला असता?

डॉ. मिझुहारा : ते सांगता येत नाही. जास्त रक्त म्हणजे थोडी जास्त कावीळ, हे खरं. नाळेने भर घातलीच नाही, असं मी म्हणणार नाही.

नागिसा : झालं तर मग!

डॉ. मिझुहारा : झालं नाही. ह्या बाळाला काविळीपेक्षा मोठी भीती आहे. इतक्या कोवळ्या बाळाच्या मेंदूत रक्त उतरू शकतं. काही बाळं जगतच नाहीत. मिनिटभर थांबलं तर जगणारी जास्त असतात. कावीळ झालीच तर ती उतरवायचे दिवे पलीकडच्या खोलीत आहेत, रक्त रोज तपासू. ह्या वेळी मध्ये घाट नाही.

नागिसा : लिहून देता? काही होणार नाही म्हणून?

डॉ. मिझुहारा : नाही. आणि बाळाने श्वासच घेतला नाही, तर मिनिटही थांबणार नाही. कापून लगेच पलीकडे नेऊ. तुम्ही दोघी बोला. मी बाहेरच आहे. पण फार वेळ नाही.

नागिसा : ऐकलंस? लिहूनही देत नाहीत. ... आई, बोल ना काहीतरी. भिंतीकडे काय बघतेस?

तोकिए : तुझा नवरा कुठवर आलाय, काझुमा?

नागिसा : गाडीत बसलाय, अजून सेंदाई शहरही सोडलं नाहीये. त्याचं राहू दे. तू काय केलं असतंस?

तोकिए : मी नाही सांगणार.

नागिसा : वा! गावभरच्या बायकांना सांगत फिरलीस, आणि पोटच्या पोरीची वेळ आली की तोंडाला कुलूप?

तोकिए : पोटच्या पोरीला एकदा सांगितलं होतं. तेवढं पुरे झालं.

नागिसा : असं नको करूस. मला भीती वाटतेय गं.

तोकिए : दिसतंय. पाय दे इकडे, बर्फासारखे झालेत... नाळ माझ्या हातात असायची ना, नागिसा, तेव्हा ती बोटाला ठोके द्यायची. ठोके थांबले की कापायचं. माझ्या आजेसासूने शिकवलं तसं. एवढ्या वर्षांत एकही पोर त्याने गेलं नाही. म्हणून सेन्ताच्या वेळी दुसरा विचारच आला नाही मनात.

नागिसा : मला ठाऊक आहे ते.

तोकिए : मग मला विचारू नकोस. डॉक्टरबाईला विचार. तिने निदान 'माहीत नाही' म्हणून सांगितलं. मी कधी नाही सांगितलं तसं कुणाला.

नागिसा : आई... तो दूध प्यायला उठत नव्हता. आठवतं? मी म्हटलं, हा जागा होत नाहीये. तू म्हणालीस, झोपू दे. उन्हात ठेव खिडकीपाशी, उतरेल.

तोकिए : आठवतं.

नागिसा : तेव्हा रस्ता उघडा होता. बर्फ रात्री पडला.

तोकिए : हो. रात्री पडला.

नागिसा : मी सगळ्यांना सांगत आले, नाळेमुळे झालं. काझुमालाही तेच. कारण नाळेवर घातलं नसतं तर तुझ्यावर घालावं लागलं असतं. आणि मग तुझ्या घरी जेवायला कोणत्या तोंडाने बसले असते मी?

तोकिए : घालायचं होतंस माझ्यावर.

नागिसा : एकच आई आहे मला... अगं आई गं! आली, परत आली. हात धर. डॉक्टर! डॉक्टरांना बोलव. त्यांना सांग, नाळ कापायला थांबा म्हणावं. थांबू दे त्यांना. तू सांग, माझ्याने बोलवत नाही.

(तीन दिवसांनंतर. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीबाहेरची काच.)

तोकिए : थोडे भाताचे मुटके आणलेत. आत खारवलेलं आंबट उमेबोशी फळ घालून. खा एखादा.

नागिसा : ठेव तिथे. ... काझुमा गेला का?

तोकिए : खाली आहे. सिगारेट सोडली होती ना त्याने?

नागिसा : सोडली होती. डॉक्टर म्हणाल्या, मिनिट काही मिळालं नाही. अर्ध्यावरच कापावी लागली. श्वास घेईना ना ती.

तोकिए : मी तिथेच होते. निळी पडली होती.

नागिसा : डोक्याचं चित्र काढलं आज. बारीकसं रक्त उतरलंय, एका बाजूला. जिरेलही म्हणतात. चालायला लागेल तेव्हा कळेल म्हणतात. मी विचारलं, पूर्ण मिनिट मिळालं असतं तर? तर म्हणाल्या, कुणालाच सांगता येणार नाही. मग विचारलं, अजिबातच थांबला नसतात तर? तेच उत्तर.

तोकिए : खरं बोलते बाई.

नागिसा : खऱ्याचं काय करू मी, आई? कुणावर घालू?

तोकिए : ये, काचेपाशी ये.

नागिसा : बघ, दिव्याखाली किती एवढीशी दिसते. डोळ्यांवर पट्टी. कालपासून पिवळी आहेच.

तोकिए : उतरेल असं नाही म्हणणार मी.

नागिसा : नकोच म्हणूस. जवळ उभी राहा फक्त.

तोकिए : सेन्ता शाळेतून यायची वेळ झाली. शेजारच्या चियोबाईंकडे ठेवलाय, पण रोज दारात येऊन उभा राहतो. माझ्या पोटाकडे बोट दाखवतो, मग रस्त्याकडे. तुझं विचारतो, बाळाचं विचारतो. मला नीट सांगता येत नाही. जेव, झोप, अंघोळ, एवढंच शिकले मी हातांच्या खुणांचं. 'बहीण' कसं म्हणतात?

नागिसा : ते कधी लागलंच नाही आपल्याला... करंगळी वर धर. अशी. आता हळूच खाली आण. धाकटी बहीण.

तोकिए : अशी?

नागिसा : अजून थोडी खाली. हं.

तोकिए : आणि पुढे काय सांगू?

नागिसा : पुढचं नको. आज एवढंच सांग.