अंथरुणातला सैतान

सत्तर वर्षांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. परवा बोलिव्हियात एल आल्तोहून खाली ला पाझला रोपवेने उतरत होतो. माझ्याच बाकावर एक आजी आणि तिची कॉलेजातली नात येसेन्या, दोघी एका मोबाइलवर वाकलेल्या.

“अगं, हा तर तुझ्या आजोबांचा कार्निव्हलचा मुखवटा! सैतान भरदुपारी अंथरुणात काय करतोय?”

“ती मी आहे, आजी. माझे फोटो मीच काढलेत.”

“आणि ही न्हाणीघरात, फरशीवर?”

“तीही मीच.”

“आजोबांसारखा यंदा कार्निव्हलात सैतान होऊन नाचायचा नवस बोललीस की काय?”

“नाही गं. सकाळी उठवतच नाही मला. कॉलेजला जाते म्हणते, पण जात नाही. आईला तोंडाने सांगता येईना, म्हणून हे काढले.”

“मग मुखवटा कशाला?”

“तो सारखा दात काढून हसतो ना. सगळ्यांना मी तशीच माहीत आहे.”

“केवढा जड आहे गं तो! नाचताना तुझे आजोबासुद्धा दर चौकात उतरवून माझ्या हातात द्यायचे. तूही दे. आईला आपण दोघी मिळून सांगू. आता एक फोटो काढ, तुझ्या खऱ्या तोंडाचा, माझ्यासोबत.”

“रडून सुजलंय, आजी.”

“असू दे. माझं कुठे इस्त्री केलेलं आहे?”

फोटो निघाला.

“आणि फोटोत हे कडेला डोळे पुसणारे कोण गं?”

“वारं लागलं डोळ्यांना,” मी म्हणालो.

“काचा बंद आहेत, बाबा,” येसेन्या म्हणाली. “खोटं नका बोलू. रडताय तुम्ही.”