देवाजीचा राजवाडा

साकोलीचा देवाजी पेंटर आठवते ना, नाटकाचे पडदे रंगवणारा? दिवाळीनंतर दिघोरीच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, आमचं नाटक होतं. मी त्यात राजाचा प्रधान होतो. जुना पडदा फाटला होता, म्हणून सारी भिस्त देवाजीवर. तो म्हणे, "आतापर्यंत सारे राजवाडे मनानंच काढले. या वेळी खरा पाहून काढतो."

एका जुन्या राजवाड्यात आता म्युझियम आहे, तिथं गेला. बाग पाहिली, दरबार पाहिला, दिवसभर बसून चित्र काढून आणलं.

नाटकाच्या दिवशी दुपारी पडदा टांगला. खांब, झुंबर, सिंहासन, सारं हुबेहूब. आमचे डायरेक्टर बाबुराव जवळ गेले अन् तिथंच थांबले.

"देवाजी, सिंहासनासमोर ही दोरी कायची?"

"तिथं होती."

"अन् ही 'हात लावू नये'ची पाटी?"

"ते बी होती. जसंच्या तसं काढलं."

"अबे, राजाच्याच दरबारात दोरी बांधली, तं राजा बसन कुठं?"

देवाजी शांतपणे ब्रश पुसून राहिला होता.

"मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच होतो, भाऊ. राजा काही आला नाही."