च्यूक

...आणि तुम्हाला सांगतो, बदल केवढा? एक ओळ! एकच ओळ हो! आमच्या बाबांना आता दिसत नाही, म्हणून संगणकातली एक बाई त्यांना पेपर वाचून दाखवते. फुकटचा प्रोग्राम, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. पण ही बाई 'चूक'ला म्हणते 'च्यूक'. आणि बाबा कोण? जन्मभर शाळेत भाषा शिकवलेले मास्तर! सकाळी उठल्यापासून घर डोक्यावर, "अगं, निदान चूक तरी बरोबर म्हण!" बायको म्हणाली, नवरा एवढा प्रोग्रामर, आणि स्वतःच्या वडिलांसाठी एवढंसुद्धा होत नाही?

बसलो, 'च'चा नियम सुधारला. झालं? कुठलं! नवी आवृत्ती आली की माझी ओळ पुसली जायची, पुन्हा च्यूक. म्हणजे दुरुस्ती मूळ प्रोग्राममध्येच जायला हवी. पाठवला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ. एकच ओळ हो!

त्या प्रोग्रामच्या दारात एक राखणदार बसलाय, त्याच्याशिवाय पान हलत नाही. बोलायला अगदी गोड. "आभारी आहोत, फक्त पॅचचे दोन तुकडे करा." एका ओळीचे तुकडे कुठून करू? बरं, समजावलं. मग म्हणे चाचणी जोडा. जोडली. मग म्हणे पॅचचं शीर्षक फार लांब झालंय. छाटलं. तोवर कोणीतरी त्याच फाइलमधल्या मोकळ्या जागा आवरून ठेवल्या, आणि गिट, म्हणजे कोणी काय बदललं ते लक्षात ठेवणारं आमचं यंत्र, मला म्हणतं, कॉन्फ्लिक्ट! अरे, कसलं भांडण? मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही! रचा पुन्हा सगळं ताज्या प्रतीवर, पाठवा पुन्हा... एका ओळीसाठी!

शेवटी घेतला हो पॅच. नवी आवृत्ती घातली, बाबांना खुर्चीत बसवलं. बाई म्हणाली, "चूक". स्वच्छ! बाबा गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. जेवताना गप्प. मला वाटलं, तब्येत बिघडली. खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "अरे, शिकवायला तेवढी एकच उरली होती मला. आता तिलाही येतं."

काय करणार? उलटा पॅच पाठवला, तीच ओळ काढून टाका म्हणून. राखणदार म्हणतो, हरकत नाही, फक्त काय बिघडलंय ते लिहा. मी आपलं खरं ते लिहिलं, वडील बोलेनासे झालेत.

उत्तर आलं, नेहमीसारखं गोड, "आमच्या मशीनवर असं होत नाही."