गावच्या ग्रुपवरचा रिपोर्ट

शालूबाई : गावाचं रक्त अंगात घिऊन गावच्याच पोरावर केस करायची? न्हाई जमायचं वकीलबाई. ऊठ गं अपेक्षा.

यशोधरा : बसा मावशी. केस सत्यमवर नाही, हॉस्पिटलवर आहे.

शालूबाई : पन मेसेज त्यानंच टाकला न्हवं? शेजारचं पोर. तितं कामाला हाय म्हनून ही वाचली. परंदवडीच्या ग्रुपवर लिवलं, 'आपल्या गावची लेक हाय, रक्त पायजे', आन् घटकाभरात अख्खी आळी हॉस्पिटलात.

अपेक्षा : आणि खाली माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट. नाव, वय, अविवाहित, गर्भनलिकेतला गर्भ फुटला. सगळं.

शालूबाई : घाईत झालं त्याच्याकडनं.

यशोधरा : घाई त्याची. पण पेशंटचे रिपोर्ट डॉक्टरांना आपापल्या मोबाइलवरून पाठवत जा, हे स्टाफला सांगितलं हॉस्पिटलनं. अपेक्षानं तक्रार केली, तर म्हणतात, त्या मेसेजमुळेच तुम्ही जगलात.

शालूबाई : मग खोटं हाय का ते?

अपेक्षा : खरंय आई. पण रक्त मागायला रक्तगट पुरला असता.



शालूबाई : मूल हिचं लगीन ठरलं हुतं त्या लोणावळ्याच्या पाव्हन्यांच्याच पोराचं. तरी सोयरीक मोडली त्यांनी. आन् आपल्या आळीतला त्यो दत्तोबा, रक्त द्यायला पयला त्योच आल्ता. काल मला बगून वाट बदलली त्यानं.

अपेक्षा : मी कंपनीत जात नाही. तू लोकांना सांगतेस, अशक्तपणा आहे.

शालूबाई : काय सांगू मग? कोर्टात परत त्यो रिपोर्ट समद्यांम्होरं वाचतील की गं!

यशोधरा : नाव झाकायचा अर्ज आधी देऊ. मंजूर होईलच, असा शब्द मात्र देत नाही. आणि सत्यमला साक्षीला बोलवावं लागेल.

अपेक्षा : द्या मॅडम. कुठं करू सही?

शालूबाई : थांब.

अपेक्षा : आई, आता अडवू नकोस.

शालूबाई : अडवत न्हाई. कर सही. वकीलबाई, पन कागद आज धाडू नगा. आदी सत्यमच्या आईला मी सोता सांगून येते.

अपेक्षा : ती भांडेल तुझ्याशी.

शालूबाई : भांडू दे. तुला कंपनीतनं परस्पर हॉस्पिटलात नेलं, आन् मला त्या ग्रुपवरनं कळलं. तिला तिच्या पोराचं तसं कळाय नको.