वर केलेला हात

सत्त्याण्णव साली, मशिनींच्या सुट्टीच्या दिवशी, पांडेसऱ्याच्या मैदानात माझा आत्येभाऊ भीमाभाऊ याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. फुटबॉलचा सामना चालू होता, दुसरा अर्धा, आणि आम्ही तीन-एकने पुढे होतो.

आम्ही दोघे पारोळ्याकडचे. तो आधी सुरतेला आला, नवागामात खोली केली, मग मला बोलावून आपल्याच लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, चिकटवलं. खात्यातला आवाज काय सांगू तुम्हाला, शेजारचा ओरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं, म्हणून सगळं बोलणं हातांनी. त्यातली एक खूण सगळ्यात मोठी, पंजा उघडा आणि हात सरळ वर, म्हणजे मशीन बंद आहे, आता हात घाल. त्या खुणेवर भीमाभाऊने अकरा वर्षं मशिनीत हात घातला, दहाही बोटं शाबूत राहिली. कान मात्र गेले.

टीमची मांडणी मास्टरने केलेली. मास्टर म्हणजे आमच्या मशिनी दुरुस्त करणारे, तेच कप्तान. पाच पुढे, तीन मध्ये, दोन मागे. लोक हसायचे, अरे घराला दार बसवलं की नाही म्हणायचे. मास्टर म्हणायचे, बारा तास उभी राहणारी माणसं आपण, दुसऱ्या अर्ध्यात पाय उरत नाहीत, काय गोल करायचे ते आधी करून घ्या. म्हणून कडेचे दोघे मागावरच्या धोट्यासारखे रेषा धरून नुसते धावायचे आणि चेंडू आत टाकायचे, आत रंगाईवाला एक उंच गडी, तो धावायचाच नाही, फक्त डोकं लावायचा, त्याच्या दोन बाजूंचे दोघे उरलंसुरलं गोलात ढकलायचे. मधले तिघे बॉबिन भरून दिल्यासारखा चेंडू पुरवायचे, आणि पुरवता पुरवता तेही पुढे जायचे. मागे मी आणि भीमाभाऊ, बाकी सगळं रान मोकळं.

एवढं रान दोघांनी पळून राखता येत नाही. म्हणून समोरच्या टीमच्या पायातून चेंडू सुटायच्या आत आम्ही दोघे एकदम चार पावलं पुढे सरकायचो, त्यांचा माणूस आमच्या मागे एकटा उरायचा, ऑफसाइड. पंच शिट्टी मारायचा. ती भीमाभाऊला ऐकू यायची नाही, मग मी पंजा वर करायचो, खात्यातलाच, की तो थांबायचा. माझा हात हीच त्याची शिट्टी.

त्या दिवशी आम्ही सरकलो, त्यांचा माणूस मागे राहिला असं मला दिसलं, मी हात वर केला. पण शिट्टी वाजली नव्हती. मी पंचाकडे शिट्टी मागत होतो. पंजा उघडा, हात सरळ वर. भीमाभाऊ वळून चेंडूमागे पळत होता, हात दिसला तसा जागीच थांबला, पाय सैल सोडला. पंचाने खेळ चालू ठेवला. त्यांचा माणूस आणि आमचा गोली दोन बाजूंनी चेंडूवर आले, मध्ये भीमाभाऊचा पाय. आवाज सगळ्यांना ऐकू आला, त्यालाच नाही.

पोरं म्हणाली बहिरा खांबासारखा उभा राहिला, दुसरं काय होणार. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, तू हात वर कया व्हता ना?

मी मान हलवली.

मंग ठीक शे, म्हणाला, माले वाटनं मीच चुकनू.

शिट्टी वाजलीच नव्हती, हे मी सांगितलं नाही. त्या गोष्टीला खात्यात खूण नाही.

पाय जुळला, पण दोन बोटांएवढा आखूड. बारा तास उभं राहणं होत नाही, खोलीत बसून वहिनीबरोबर साड्यांचे धागे कापतो. त्याच्या मशिनी शेठने मला दिल्या. टीम अजून खेळते, पाच पुढे, तीन मध्ये, दोन मागे. माझ्या जोडीला आता दुसरा आहे, जळगावचा. त्याला ऐकू येतं.